चांगल्या पायाची उडी

"हात कमर पे. पहले लेफ्ट," फिजिओथेरपिस्ट शोभा म्हणाली.

तेजश्रीने कमरेवर हात ठेवले, उजवा पाय मागे दुमडला आणि डाव्या पायावर उडी मारली. फरशीवर चिकटवलेल्या मापाच्या पट्टीशेजारी ती उतरली आणि हलली नाही. शोभाने वाकून आकडा पाहिला.

"एक सौ सतरा."

दुसरी. "एक सौ अठारा."

तिसरी. "एक सौ सोला."

भिंतीजवळच्या बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांनी, हिम्मतरावांनी, मान वर केली. डावा म्हणजे पोरीचा चांगला पाय. घरच्या गच्चीवर तो एकशे बेचाळीस सेंटिमीटर जात होता. कालच गेला होता. त्यांनी स्वतः खडूने रेघ मारली होती.

मग उजवा. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचा. त्यावर ती दात आवळून उडाली. एकशे आठ.

नियम साधा होता. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या शेकडा नव्वद तरी भरली पाहिजे. तेवढी भरली की शोभा दाखला देणार, आणि दाखला आला की गुलमर्गच्या स्कीइंग शिबिराच्या यादीत नाव राहणार.

शोभाने मोबाईलवर भागाकार केला. "इक्यानवे." नव्वदच्या वर, पण ती खूष दिसली नाही. "लेफ्ट का एक और मारते क्या? कम लगरा मेरे को."

"थक गयी मॅडम."

शोभा हिम्मतरावांकडे वळली. "अंकल, घर पे कितना जाती ये?"

तेजश्री बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी बांधलेलीच होती.

"इतनाच," हिम्मतराव म्हणाले.

*

शोभाने एक फॉर्म भरायला दिला. पाय तयार असला तरी मन तयार आहे का, ते बघायचा.

प्रश्न पहिला. पुन्हा पडण्याची भीती किती वाटते? शून्य ते शंभर.

तेजश्रीने लिहिलं, शून्य.

शेजारी बसलेल्या हिम्मतरावांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ होता. फेब्रुवारीतला. पांढरा उतार, वळण, तेजश्री येते, उजव्या पायावर भार टाकते, पाय बर्फात मागे राहतो आणि ती पुढे जाते. ते नेहमी आठव्या सेकंदाला थांबवत. आठव्या सेकंदाला गुडघा शाबूत असतो.

प्रश्न दुसरा. खेळ कायमचा सोडावा लागला तर किती वाईट वाटेल?

तिने शंभर लिहिलं. थोडा विचार केला, खोडलं आणि चाळीस लिहिलं. जास्त वाटणंही बरं दिसणार नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं.

दक्षिणेतल्या शहरातली, तारनाक्याची पोर बर्फावर गेलीच कशी, हे हिम्मतरावांना अजून नीट सांगता येत नसे. कॉलेजात एनसीसीचं शिबिर होतं, तिथून गेली. परत आली ती बर्फाच्या सपाटीवर मैलोन् मैल पळत घसरायच्या शर्यतीचं खूळ घेऊन. सहा वर्षांत सगळे मिळून एकशे चौदा दिवस तिने बर्फ पाहिला. उरलेले सगळे दिवस विद्यापीठाच्या डांबरी रस्त्यावर, चाकं लावलेल्या पट्ट्या पायात बांधून आणि दोन काठ्या टेकत. ती शिकवायची त्या बरकतपुऱ्याच्या शाळेत पीटीच्या तासाला पोरं विचारत, टीचर, बर्फ कुठाय? शहरात बर्फ होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. तिची आई भामा तर म्हणायची, "घसरायला काश्मीर कशाला लागतंय? मी फरशी पुसली की ये."

प्रश्न तिसरा. तुमच्या पायावर तुमचा भरवसा किती?

पंच्याण्णव.

हिम्मतरावांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला.

*

ते रेल्वेत होते. रुळांच्या टोळीचे मुकादम. दोन रुळांमधलं अंतर मोजायचं आणि खडूने स्लीपरवर लिहायचं, हे काम चौतीस वर्षं केलं. मे महिन्यात रूळ तापून हाताला चटका बसायचा, तरी मोजल्याशिवाय त्यांनी एक आकडा लिहिला नाही. एकदा नव्या साहेबाने पत्र्याच्या खोलीत बसूनच रकाने भरायला सांगितलं, तर हे आठ किलोमीटर चालून आले आणि मग भरले. खरी मापं सारखी कधी येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. कुठे दोनने जास्त, कुठे पाचने कमी. एकशे सतरा, अठरा, सोळा. इतकी मापात बसणारी उडी माणूस मुद्दाम मारतो.

एकशे आठ भागिले एकशे बेचाळीस. स्कूटर चालवताना त्यांनी मनात हिशेब केला. शहात्तर.

मागे तेजश्री बसली होती. सिग्नलला तिचा फोन वाजला. प्रशिक्षक कुलदीप सर. दाखला मिळाला, नाव पक्कं, दहा जानेवारीला पोहोच. तिला सत्तावीस पूर्ण झाली होती. पुढच्या वर्षी त्या यादीत पोरीच असणार होत्या, हिच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान.

रात्री जेवताना हिम्मतराव म्हणाले, "तेजू, गच्चीवर आपण जे मोजूलालोत..."

"पप्पा, आमटी द्या इकडं."

त्यांनी आमटी दिली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कोणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी भामाने तिथे पापड वाळत घातले.

*

दहाव्या दिवशी ती पहाटे रस्त्यावर उतरली.

नऊ महिन्यांनी पायात चाकांच्या पट्ट्या. मागे हिम्मतरावांची स्कूटर, नेहमीसारखी, हळू. विद्यापीठाच्या झाडांखाली फिरायला आलेले लोक बाजूला होत होते. कानटोपी घातलेला एक म्हातारा ओरडला, "अंकल, बच्ची को गाडी दिलाते नै, पहिये लगा दिये!"

"पेट्रोल बचता!" तेजश्रीच ओरडली. हसली. तिचं हसणं हिम्मतरावांनी मागून ओळखलं. खांदे हलले.

डावा. उजवा. डावा.

डाव्यावर ती लांब सरकत होती, उजव्यावर तोकडी. डावा, लांब. उजवा, आखूड. चाकांच्या आवाजातही ते कळत होतं. स्कूटर पुढे घालावी, आडवी लावावी, हात वर करून सांगावं, बस झालं. त्यांनी ॲक्सिलरेटर पिळला. तेवढ्यात उतार आला आणि तिचा वेग वाढला.

वळण.

उजव्यावर भार.

ती धाडकन पडली नाही. नुसती खाली बसली. कोणी मागून हाक मारावी आणि माणसाने बसून घ्यावं, तशी.

हिम्मतराव पोचले तेव्हा तिने गुडघा दोन्ही हातांनी धरला होता. मांजराचं पिलू धरतात तसा, दाबून नाही.

"गुडघ्यातून आवाज आला?" त्यांनी विचारलं.

"हौ."

मागचा म्हातारा धापा टाकत आला. "हड्डी टूटी क्या बेटा?"

"नै अंकल. हड्डी अच्छी है."

हिम्मतरावांनी तिच्या पायातल्या पट्ट्या सोडवल्या. त्यांना कडी उघडता येईना. तिनेच बोटाने दाखवलं.

"दवाखान्यात जाऊ."

"मॅडमकडं चला."

"सव्वासहा झालेत माय. नऊला येतेत त्या."

"बसू मग."

*

शोभाचं सेंटर तळमजल्यावर होतं. शटर बंद. दोन पायऱ्या. रिक्षावाल्याने आणि हिम्मतरावांनी धरून तिला बसवलं. वरच्या मजल्यावर व्यायामशाळा होती. पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्या बाजूने वर जात होती. वर कोणीतरी वजनं आपटत होतं.

गुडघा सुजायला लागला होता. पँटचं कापड तिथे ताणलं गेलं.

"मी सांगायला पाहिजे होतं त्यांना," हिम्मतराव म्हणाले.

"सांगितलं असतं तर मी तुमच्याशी बोलले नसते. कधीच."

"नसती बोललीस तर नसती. पाय तर राहिला असता."

समोर दूधवाल्याने क्रेट उतरवले. एक बाई दारापुढे सडा टाकून मुग्गूची रांगोळी काढायला बसली होती, पांढऱ्या पिठाचे ठिपके एकेक टाकत.

"पप्पा, एक सांगू?"

"बोल."

"मी कमी उडी मारली, मला माहीत होतं. पण तुम्ही 'इतनाच' म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, खरंच तेवढीच जाते. पप्पा म्हणाले म्हणजे तेवढीच असणार." तिने नाक पुसलं. "नंतर मी शून्य लिहिलं, पंच्याण्णव लिहिलं, ते खोटं नव्हतं. तेव्हा खरंच वाटलेलं."

तिला पाणी विचारावं असं हिम्मतरावांना वाटलं, पण जवळ पाणी नव्हतं.

तिचा फोन दोनदा वाजून थांबला. कुलदीप सरांचं नाव होतं. तिने फोन पालथा घातला आणि डोकं बापाच्या खांद्यावर टेकलं. झोप लागली की नुसते डोळे मिटले होते, ते कळत नव्हतं. लहानपणी काचीगुड्याच्या गाडीत अशी झोपायची. आता डोकं जड लागत होतं.

ऊन पायरीवर आलं, मग त्यांच्या चपलांवर, मग गुडघ्यावर. हिम्मतरावांच्या हाताला मुंग्या आल्या, खांदा बधिर झाला. ते हलले नाहीत. व्यायामशाळेतली पोरं खाली उतरू लागली. एकाने "अंकल, जरा..." म्हणून सुरुवात केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि कठड्यावरून पलीकडे उडी मारून गेला.

नऊला दहा कमी असताना शोभा आली. हातात किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर डब्याची पिशवी. ती फुटपाथवरच थांबली. तिने गुडघा पाहिला. मग हिम्मतरावांकडे पाहिलं, आणि त्यांनी नजर खाली वळवली नाही.

शोभाने किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून मूठ मिटली आणि तशीच उन्हात उभी राहिली.