पाखराकडे कोण पाहे

"लेकरासंगं एकटी राहून राहून चूप होशील, पोरी. माह्याकडे येत जाय," बाळ घेऊन मी माहेराहून चिखल्याच्या खाण-वसाहतीत परतले, त्या दिवशी पार्वतामावशी म्हणाल्या होत्या. मी हसले. मी बी.ए. झालेली, मला कसलं चूप होणं?

मावशी शेजारच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहत. मधे एकच भिंत. नवरा गेल्यावर खाणीत त्याच्या जागी लागलेल्या. खाणीच्या वर, उघड्यावर मॅंगनीजचे काळे दगड निवडत.

मी तेव्हा स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडून बसायची. त्यातला एक इंग्रजी वाक्प्रचार त्यांना सांगितला. विलायतेत कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी नावाचं पिवळं पाखरू नेत. विषारी वायूला वास नसे, पण इवल्या जिवाला तो आधी बाधे. पाखरू मलूल झालं की माणसं वर पळत. म्हणून संकटाची पहिली खूण म्हणजे 'कोळशाच्या खाणीतला कॅनरी'.

मावशींनी एवढंच विचारलं, "सारे कामात असन तं पाखराकडे कोण पाहे?"

पुस्तकात ते नव्हतं.

पुढे पुस्तक मिटलेलंच राहिलं. माझा नवरा प्रफुल्ल खाणीतल्या पाळीवरून येऊन झोपे. मी बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासत बसे. दिवसभर कुणाशी बोलायचं राहून जाई, मग बोलावंसंच वाटेना. एका दुपारी बाळ रडत होतं, मला दिसत होतं, आणि मला उठता येत नव्हतं.

दार ढकलून मावशी आल्या. हात अजून काळेच.

"लेकरू रडलं का तुहा 'आली आली' आवाज येते. आज आला नाई."

हात धुऊन त्यांनी बाळ उचललं, मला जेवायला बसवलं. दुसऱ्या दिवशी खाडा करून तुमसरला डॉक्टरकडे नेलं. बाळंतपणानंतर असं होतं, औषधानं बरं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झालेही.

आता आमची बदली झालीय. मावशी निवृत्त होऊन करडी गावात एकट्याच राहतात. रोज सकाळी फोनवर विचारतात, "काय रांधलं व?" परवापासून त्यांचा फोन नाही; मी केला तर वाजतो, उचलत नाहीत. धानाच्या रोवणीच्या गडबडीत असतील, असं प्रफुल्ल म्हणतो. असतीलही. बाळाला ताप आहे, मला निघता येत नाही.

तुम्ही करडीकडून जाणार असाल, तर तलावाच्या बांधाजवळ निळ्या दाराचं घर आहे. हाक मारून पाहा. आतून आवाज येईपर्यंत जाऊ नका.