रतनचा नंबर

कुसगावात कुणी थाप मारली की लोक म्हणतात, हा रतनचा नंबर झाला. सून म्हणते स्वयंपाक झालाय आणि कुकर अजून चढायचाय, तर तो रतनचा नंबर. हॉटेलवाला सांगतो खोलीतून डोंगर दिसतो आणि दिसतं नुसतं पार्किंग, तर तोही रतनचाच. लग्न होऊन गावात आलेल्या पोरींना वाटतं, रतन म्हणून कुणी जुनी बाई होऊन गेली असेल. होऊनबिऊन काही गेलेली नाही. रतन चांगली अडुसष्ट वर्षांची आहे, विहारामागच्या घरात राहते आणि पन्नास वर्षं हे ऐकत आली आहे.

मूळ प्रकरण चौऱ्याहत्तर सालचं. तेव्हा दर बुधवारी रात्री आठ ते नऊ रेडिओवर गाण्यांची चढाओढ लागायची. खालच्या नंबरापासून सुरुवात आणि अगदी शेवटी एक नंबरचं गाणं. गावोगावचे श्रोता संघ पोस्टकार्डावर आपली पसंती कळवायचे, त्यावर नंबर ठरायचे. कुसगावचा संघ रुळाकडेच्या तालमीत बसायचा. रेडिओ तिथं, अध्यक्ष दत्तोबा. बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, म्हणजे संघात पोरी नाहीत, हे सांगायलाच नको. गुरुवारी सकाळी तालमीच्या दारावर खडूनं यादी लागायची आणि गाव तीच खरी मानायचं.

रतनचा बाप रेल्वेत गँगमन. त्यानं ट्रान्झिस्टर आणला तशी रतननं वस्तीतल्या पोरी जमवल्या आणि आपलाच अकरा जणींचा संघ काढला. तीन महिने त्यांनी एकाच गाण्यासाठी कार्डं टाकली. शिट्टीचं गाणं म्हणायच्या त्याला. एका बुधवारी ते चौदावरून उडी मारून थेट एकवर आलं. दुसऱ्या दिवशी रतन नाचतच पाण्यावर गेली, तर तालमीच्या दारावर एक नंबरला भलतंच गाणं. ती म्हणाली, हे चुकलंय. झालं, अध्यक्ष खोटा आणि गँगमनची पोर खरी होय? तिचं पुढचं कुणी कानावरसुद्धा घेतलं नाही. दुपारपर्यंत तिचं नाव पडलं ते पडलंच.

गंमत म्हणून एक दिवस ठीक असतं हो. पण रतन काही सांगायला गेली की माणसं आधी हसायची, मग ऐकायची. नवरा तापानं फणफणला तेव्हा ती गावातल्या बाजीरावाची जीप मागायला गेली. बाजीरावानं विचारलं, खरंच ताप आहे की रतनचा नंबर? जीप त्यानं दिली, नाही असं नाही. पण विचारलंच ना. चिक्कीच्या कारखान्यात बावीस वर्षं पुडे भरले, तिथंही तेच. तिनं तोंड मिटलं, पण विसरली ती एक दिवससुद्धा नाही.

आता लोणावळ्यात एक नवं छोटं रेडिओ केंद्र निघालंय. तिथल्या अमृता नावाच्या मुलीनं टूम काढली की जुन्या श्रोत्यांच्या वह्यांवरून ती चढाओढ पुन्हा वाजवायची, दर बुधवारी सकाळी अकराला. वही मिळाली दत्तोबाची, तेव्हा यादी वाचायला दर बुधवारी तोच येणार असं ठरलं. पहिल्याच बुधवारी दत्तोबा पाहुणा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आवाज अजून खणखणीत. यादी वाचून झाल्यावर त्यानं रंगात येऊन रतनच्या नंबराची गोष्ट सांगितली आणि अख्ख्या मावळाला हसवलं.

रतन भाकरी थापता थापता मोबाइलवर ऐकत होती. तिनं तवा खाली उतरवला.

"पुढल्या बुधवारी मला तितं न्हेऊन सोड," तिनं रिक्षा चालवणाऱ्या पवनला, आपल्या लेकाला सांगितलं.

"आई, म्हातारा माणूस आहे. जाऊ दे ना."

"मी काय तरणी हाय? तू न्हेतो का मी चालत जाऊ?"

पवननं नेलं.

केंद्र म्हणजे एका दुकानावरची खोली, भिंतींना गाद्या मारलेली. अमृतानं रतनचं म्हणणं ऐकलं आणि ती जरा गडबडली. "मावशी, कार्यक्रम थेट जातो. भांडण नको हं."

"भांडत न्हाई. एकच गोष्ट इचारायची हाय. पण माईकावर. त्यांनी बी माईकावरच सांगितलंय."

अमृता पोरगी जिगरबाज. तिनं दुसरी खुर्ची ओढली. दत्तोबानं रतनला पाहिलं आणि तो हसला. "या, या. आज कोणता नंबर घेऊन आलीस?"

"आबा, तुमी सहा वर्सं अध्यक्ष. एकबी बुधवार चुकला न्हाई म्हणता."

"एकही नाही."

"मग कार्यक्रम संपताना बोलणारा काय म्हणायचा?"

दत्तोबाचं हसू जागच्या जागी थांबलं. "काय म्हणणार? नमस्कार म्हणायचा. दुसरं काय म्हणतात?"

"न्हाई, आबा. एक नंबरचं गाणं झालं की त्यो दर आठवड्याला एका गावाचं नाव घ्यायचा. कार्ड धाडणाऱ्यांची नावं वाचायचा आन् त्या गावाला राम राम करायचा. सहा वर्सांत तीनशे गावं झाली आसतील. तुमाला एकबी ठावं न्हाई?"

अमृताच्या हाताशी फोन चमकत होता. तिनं तो जोडला.

"कार्ल्यावरून सीताराम बोलतोय," फोनवरचा म्हणाला. "रस्त्याला आमची मक्याची गाडी असते. बाई बोलतात ते शंभर टक्के. गावाचं नाव यायचं. आमच्या कार्ल्याचं शेवटपर्यंत आलं नाही म्हणून आमचा संघ मोडला. कुसगावचं मात्र आलं होतं. शिट्टीचं गाणं एक नंबरला आलं त्याच बुधवारी. आम्ही जळलो होतो, म्हणून पक्कं लक्षात आहे."

रतनला वाटलं होतं की हे कुणाच्या तोंडून ऐकलं की आपण रडू. रडू आलं नाही. राग आला, आणि तोही ताजा, त्या सकाळी पाण्यावर आला होता तसा.

"पावणेनऊची गाडी," ती म्हणाली. "लोनावळ्याच्या अलीकडं सिग्नलला उभी ऱ्हायची, धा-पंधरा मिंटं. इंजिन उभं ऱ्हायलं की तालमीतला रेडू नुस्ता खरखरायचा, आमचा वस्तीवरचा न्हाई. माझा बाप त्याच रुळावर व्हता, आबा. मला गाडीची येळ कुनी शिकवायची?"

दत्तोबानं समोरची वही मिटली. अमृता गाणं लावायला वळली, तर रतननं तिचा हात धरला. "थांब, बाय. त्यांना बोलू दे."

"शेवटचं गाणं आम्हाला कधी ऐकूच आलं नाही," दत्तोबा म्हणाला. "सगळे मिळून अंदाज करायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचा. सकाळी दारावर यादी नाही लागली तर तालमीची काय शोभा राहिली असती?"

"आन् माझी?"

"तू खरं बोलत होतीस."

"नाव घिऊन सांगा."

"रतन खरं बोलत होती," दत्तोबा म्हणाला. आवाज खाली गेला होता, पण माईकनं तो मावळभर नेला.

अमृतानं विचारलं, आता गाणं लावू का? रतननं मान डोलावली. शिट्टी वाजायला लागली आणि माईक बंद झाला. दत्तोबा उठला नाही. वहीच्या पुठ्ठ्यावरून नुसता अंगठा फिरवत बसला. सहा वर्षं दर आठवड्याला त्यानं स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलं होतं, वर ठळक अक्षरात गावाचं नाव घालून.

"म्हणजे आपल्या कुसगावचं नाव त्यानं घेतलं होतं?" त्यानं विचारलं. "खरंच? साऱ्या देशानं ऐकलं?"

"अकरा पोरींच्या नावासकट," रतन म्हणाली. "तालीम सोडून साऱ्यांनी ऐकलं."