पुढच्या वर्षीचा समुद्र

खानावळीचं नाव 'सागरकिनारा' आणि समोर टायरचं दुकान. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं गिऱ्हाइकं तोंडावर म्हणायची. समुद्र तिथून इतका लांब, की अख्ख्या गल्लीत तो कुणी पाहिलेला नव्हता. नाव ठेवलं होतं मालकांनी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. बायकोला समुद्र बघायचा होता आणि खानावळ तर नुकतीच उघडलेली. "तोवर पाटी तरी बघ," ते म्हणाले होते. तीही हसली होती.

पुढे तो खेळच झाला. नवा माणूस आला, की जुनी गिऱ्हाइकं त्याला खिडकीपाशी बसवायची आणि डिवचून विचारायला लावायची, "वहिनी, समुद्र कुठे आहे हो?" पाण्याचा जग ठेवत वहिनी म्हणायच्या, "पुढच्या वर्षी येणार आहे." आणि गल्ल्यावरच्या मालकांकडे बघायच्या. सगळे हसायचे. मालक सगळ्यांत मोठ्यानं. हे उत्तर गिऱ्हाइकाला नसून आपल्याला आहे, हे त्या भल्या माणसाच्या टाळक्यात कधी शिरलंच नाही. गल्ल्यावर डोळ्यांत तेल घालून बसायचे, चमचा हरवला तरी कळायचं. एवढं मात्र दिसलं नाही. शिवाय दर वर्षी काहीतरी निघायचंच. कधी नवी शेगडी, कधी धाकट्या बहिणीचं लग्न, कधी आचारीच पळालेला.

मग वहिनींच्या हातून जग टेबलाच्या कडेबाहेर ठेवला जाऊ लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. उजेड-सावली तेवढी कळेल. वहिनींना घरी सोडून मालक जे निघाले, ते थेट समुद्राची तिकिटं काढायला. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या गर्दीत तिकिटं खिशात घेऊन ते बसले होते. सांगायचं कोणत्या तोंडानं, तेच सुचेना. तेवढ्यात खिडकीपाशी कुणा नव्या माणसाला जुन्यांनी कोपरानं ढोसलं.

"वहिनी, समुद्र कुठे आहे हो?"

मालकांनी मान वर केली. खिशात हात घातला. आता ती 'पुढच्या वर्षी' म्हणेल, आणि आपण सगळ्यांदेखत म्हणू, 'नाही, येत्या रविवारी!'

वहिनींनी टेबलाची कड चाचपली, जग नीट आत सरकवून ठेवला.

"इथे समुद्र नाही हो. नुसतं नाव आहे. जेवण मात्र गरम आहे, बसा."

माणसं हसली. वहिनींनी गल्ल्याकडे मान वळवली नाही. मालकांना खिशातला हात बाहेर काढवेना.