लाल लोकरीची गाठ

त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरच्या रविवारच्या बाजारात एलादिओ अरेवालोचं टेबल माझ्या टेबलाला लागून असे. तो जुने कॅमेरे विकायचा, मी जुनी पुस्तकं. त्याआधी एकतीस वर्षं मी मॉन्टेव्हिडिओतल्या एका सायंदैनिकात होतो, म्हणून तो मला ‘पेपरवाल्या’ म्हणायचा.

कॅमेरा हातात आला की अरेवालो त्याचा वास घ्यायचा. कुबट वास आला तर भिंगात बुरशी. मग भिंग आकाशाकडे धरून आरपार बघायचा. मग शटर एका सेकंदावर लावून कानाशी न्यायचा. चक्रांची घरघर मध्येच अडखळली, तर आतलं तेल सुकलंय. मागचं झाकण उघडण्यापूर्वी मात्र तो वरची फिल्म गुंडाळायची चकती बोटाने हलकेच फिरवायचा. सैल फिरली तर कॅमेरा रिकामा. बोटाला ओढ लागली तर आत कुणाची तरी फिल्म आहे, झाकणाला हात लावायचा नाही.

तपासून झालेल्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला तो लाल लोकरीचा धागा बांधायचा, दुहेरी गाठ मारून. धागा असलेला कॅमेरा आतून बघितलेला, रिकामा आणि चालू. सगळा बाजार हे धरून चालायचा.

“हा खरंच चालतो ना, आजोबा?” एखादा विचारायचा.

“तुझ्या लग्नापेक्षा जास्त चालेल. धागा बघ.”

ऑगस्टमधल्या, आमच्याकडे भर थंडीतल्या, एका बोचऱ्या रविवारी नेलिदा बेंतांकोर आल्या. साठीच्या, काखेत थर्मास, हातात ‘माते’ हा कडवट चहा नळीने ओढायचा भोपळा, आणि ताटं पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. अरेवालोच्या टेबलाभोवती दोन ब्राझिलियन गिऱ्हाइकं घासाघीस करत होती, म्हणून त्या माझ्याकडे वळल्या.

“हे कॅमेरेवाले तुमचेच का?”

“शेजारी आहेत. माझे म्हणालात तर त्यांची बायको भांडायला येईल.”

त्या हसल्या नाहीत. फडकं उलगडलं. आत रशियन बनावटीचा, विटेसारखा जड कॅमेरा होता.

“माझ्या मुलाचा, लिबेरचा. ह्यांच्याकडूनच घेतला होता, त्याच्या विसाव्या वाढदिवसाला. मार्चमध्ये गेला तो. मोटारसायकलच्या अपघातात. आत फिल्म आहे. शेवटचा फोटो आम्हा दोघांचा. परसात, द्राक्षांच्या मांडवाखाली. कॅमेरा भिंतीवर ठेवला, बटण दाबलं आणि धावत येऊन माझ्या शेजारी बसला. जन्मभर दुसऱ्यांचे काढले, स्वतःचा कधी काढू दिला नाही. मोठेपणीचा त्याचा एवढा एकच आहे. बिघडेल म्हणून मी हात नाही लावला. सांगाल त्यांना? मी तेवढ्यात कोपऱ्यावरून गरम पाणी भरून आणते, बोटं गोठलीत.”

मी कॅमेरा अरेवालोसमोर ठेवला. “एका बाईंचा आहे,” म्हटलं, “जरा बघ.” पुढचं वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने माझ्याकडचा शब्दकोश उचलला आणि याची शेवटची पानं कुठं गेली, म्हणून विचारलं. मी तिच्याकडे वळलो. पेपरात असताना नव्या पोरांना मी एकच गोष्ट बजावत असे: महत्त्वाचं ते आधी, बाकीचं मागून.

पाठीमागे झाकणाचा खटका वाजला.

मी वळलो तोवर अरेवालोने झाकण मिटलं होतं. दोन सेकंद, फार तर तीन. त्याने अंगातला कोट काढून कॅमेऱ्यावर टाकला आणि तसाच शर्टावर थंडीत उभा राहिला.

“आत फिल्म होती,” तो म्हणाला.

पट्ट्याला लाल धागा होता. विटून गुलाबी झालेला, पण गाठ त्याचीच.

“माझा धागा दिसला, पेपरवाल्या. म्हणून चकती नाही फिरवली. आपलीच गाठ कोण तपासतो, सांग.” मग विचारलं, “बाई काही बोलली होती का?”

“तुझ्याकडूनच घेतलाय म्हणाली.”

हे खरं होतं. मी तेवढंच सांगितलं.

नेलिदाबाई थर्मास भरून आल्या. अरेवालोने एवढंच सांगितलं, “फिल्म मी स्वतः धुतो. पुढच्या रविवारी या. पैसे आणू नका.” त्यांनी मातेचा भोपळा पुढे केला. त्याने तो एका दमात ओढून परत दिला.

फिल्म आत गुंडाळली जाते तेव्हा आधीचे फोटो आतल्या वेढ्यांत जातात, शेवटचे सगळ्यांत बाहेर राहतात. उजेड शिरला की बाहेरचे आधी जळतात. हे मला अरेवालोनेच कधीतरी शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी तो लवकर आला, हातात पाकीट घेऊन. मी म्हटलं, “फिल्म खराब झाली होती म्हणून सांग. पाच महिने दमट घरात पडून होती. कोण विचारणार आहे?”

“तिने नाही विचारलं तरी मला ठाऊक आहे ना.”

नेलिदाबाईंनी उभ्यानेच फोटो बघायला सुरुवात केली. किनाऱ्याच्या रस्त्यावर गळ टाकून बसलेले म्हातारे. बसच्या पायरीवर झोपलेला कुत्रा. केसांना रोलर लावून दारात आलेली शेजारीण. तिला बघून त्या मोठ्याने हसल्या. “चोलाने हा बघितला तर कोर्टात खेचेल मला!” मग फोटोंच्या कडांवर पांढरे पट्टे दिसू लागले, एकेका फोटोगणिक रुंद होत गेले. शेवटच्या फोटोत मांडव होता, टेबल होतं, दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. एका खुर्चीच्या पाठीवर स्वेटर.

“हाच. सगळं मावतंय का बघायला आधी खुर्च्यांचाच काढला होता. मी म्हटलं, अरे, खुर्च्या काय पळून चालल्यात?” त्यांनी हात पुढे केला. “आता पुढचा द्या.”

“पुढचा नाही, बाई,” अरेवालो म्हणाला. “पुढचा माझ्या हातून जळला. आत फिल्म आहे का ते न बघताच मी झाकण उघडलं.”

त्यांना पटकन कळलंच नाही. “न बघता म्हणजे? मी तर ह्यांना सांगितलं होतं.”

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. अरेवालोनेही.

“सांगितलं होतं त्यांनी,” मी म्हटलं.

“मी तुला विचारलं होतं,” अरेवालो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “आठवडाभर झोपलो नाही मी, आणि तू म्हणतोस...”

नेलिदाबाईंनी फोटो पाकिटात घातले, खुर्च्यांचा सगळ्यांत वर. कॅमेरा उचलला. पट्ट्यावरचा धागा सोडवायला लागल्या. सहा वर्षांची गाठ होती, दगडासारखी झालेली. नखं लागेनात, तेव्हा दातांनी ओढली. आम्ही दोघं बघत राहिलो. गाठ सुटल्यावर त्यांनी धागा अरेवालोच्या टेबलाशी नेला, तिथं थोडा वेळ थांबल्या, आणि मग वळून माझ्या पुस्तकांवर ठेवला.

“तुम्ही त्यांना फक्त सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या, आणि गर्दीत गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी अरेवालोने टेबल रस्त्याच्या पलीकडे मांडलं. इथून त्याच्या कॅमेऱ्यांचे पट्टे दिसतात. एकालाही धागा नाही. गिऱ्हाईक आलं की तो त्यालाच स्वतःच्या बोटाने चकती फिरवायला लावतो.