टिक्कानेन सरांचं जेवण

“कोण गेलं?” दारातच थबकून बर्निस आजींनी आर्डिसला विचारलं.

कुणीही गेलं नव्हतं. अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या प्रकाशतज्ज्ञ मंडळाने वृद्धाश्रमाच्या जेवणघरात नवे दिवे फुकट बसवून दिले होते आणि आज त्यांची पहिली संध्याकाळ होती. मंद, सोनेरी उजेड पडला होता. मंडळाचे सगळे सभासद भिंतीशी उभे राहून स्वतःवरच खूश होते. म्हातारी माणसं मात्र चाचपडत खुर्च्या शोधत होती. एका आजोबांनी तर अंत्यविधीला आल्यासारखी टोपी काढून छातीशी धरली.

आर्डिस या मंडळाची चिटणीस. विजेच्या सामानाच्या दुकानात तिची सारी हयात गेली होती. हा सगळा घाट तिने खरं तर एकाच माणसासाठी घातला होता. मंडळ स्थापन करणारे, तिला संध्याकाळच्या वर्गात शिकवणारे रूबेन टिक्कानेन सर आता याच आश्रमात राहत होते. आधीच्या भगभगीत ट्यूबलाइटखाली त्यांना पांढऱ्या ताटलीतला पांढरा मासा दिसेना. एकदा शेजारणीच्या अंगावर सूप सांडलं, तेव्हापासून ते खोलीतच एकटे जेवत. त्यांनी पुन्हा चारचौघांत बसावं, एवढंच तिला हवं होतं.

तिने खोलीत जाऊन त्यांना सगळी फजिती सांगितली. सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“तुम्ही तिथे बसून जेवलात का गं?”

मंडळाचा पहिला नियम सरांनीच घालून दिला होता: जिथे दिवा लावायचा तिथे आधी आपण बसायचं आणि तिथली माणसं जे करतात ते करायचं. वाचनालयात वाचायचं, शिवणाच्या वर्गात सुई ओवायची. इतकी वर्षं तो पाळला होता. या खेपेला मात्र, जेवण काय, ते तर आपण रोजच करतो, म्हणून सगळ्यांनी तो सोडून दिला होता.

“आता जेवा. आणि माझे डोळे लावून जेवा,” सर म्हणाले. “तुमचे नकोत.”

पुढच्या आठवड्यात सगळे सभासद व्हॅसलीन फासलेले पिवळे चष्मे लावून जेवायला बसले. सर्वांत जास्त बोलणाऱ्या लाइलने मासा म्हणून हातरुमाल कापायला घेतला. बर्निस आजींनी मोठ्या मायेने त्याच्या गळ्यात फडकं बांधलं.

“आपण इथे बायकोला घेऊन जायचं हॉटेल करून ठेवलंय,” फडक्यासकट लाइल म्हणाला.

मग काम नव्याने झालं. उजेड भरपूर वाढवला, पण डोळ्यांत न घुसता छतावरून खाली उतरेल असा. ताटल्या निळ्या आणल्या.

त्या शुक्रवारी सर टाय लावून आले. आर्डिसने पुढे केलेला हात त्यांनी धरला, दारातच सोडला. आधी वर पाहिलं. खिडकीकडचा दिवा वाकडा बसलाय, असं लाइलला सुनावलं आणि बर्निस आजींशेजारची खुर्ची ओढून घेतली.

आर्डिसला वाटलं होतं, ते काहीतरी बोलतील. ते बोलले नाहीत, त्यांना भूक लागली होती. सुरीने त्यांनी मासा उलगडला, त्यातला केसाएवढा काटा दोन बोटांनी अलगद उचलला आणि ताटलीच्या निळ्या कडेवर ठेवला.