आरोपीची जागा

“आरोपी कुठंय?” मास्तरांनी लेकीच्या कानाशी लागून विचारलं.

“बाबा, आरोपी नाहीये. सांगितलं होतं ना मी.”

तिने सांगितलं होतं, पण त्यांच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं. मास्तरांनी उभा जन्म शिलाईच्या मशीनवर काढलेला. बायको रस्ता ओलांडत होती आणि एका गाडीने तिला उडवलं; त्यात ती गेली. गाडी म्हटली की चालवणारा आलाच. त्याच्या तोंडाकडे एकदा बघायचं, एवढ्यासाठी ते कोर्टात आले होते. पण त्या गाडीत मागे एक प्रवासी तेवढा होता. चालवणारं कुणीच नव्हतं. ती आपली आपणच धावत होती.

कंपनीची इंजिनिअर साक्षीला उभी राहिली. लेकीपेक्षाही लहान असेल.

“गाडीला त्या बाई दिसल्या नव्हत्या का?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“दिसल्या होत्या.”

मास्तरांनी मान वर केली.

“मग ब्रेक का लागला नाही?”

“तोवर त्या पलीकडे पोचतील, असा गाडीचा अंदाज होता. त्या वयाची माणसं साधारण ज्या वेगाने चालतात, त्यावरून.”

“तिचा गुडघा दुखायचा,” मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले. आवाज मोठा नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. शिपाई पुढे सरकला. न्यायाधीशबाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

“हा अंदाज गाडीला शिकवला कुणी?”

“कुणी एकाने नाही. लाखो माणसांचं चालणं बघून ती शिकली.” इंजिनिअर मास्तरांकडे वळली. “काका, मला खरंच...”

कंपनीचे वकील झटकन उठले. “साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगावं.”

तिने मान खाली घातली.

दुपारी निकाल झाला. “गाडीच्या परवान्यात खोट नाही,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “आजच्या कायद्याने गुन्हा ठरवायचा तर गुन्हा करणारा माणूस लागतो. तो मला सापडत नाही. कंपनी भरपाई देईल. कायदा अपुरा पडतोय, हेही मी निकालात लिहिलंय.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्हाला काही बोलायचंय?”

मास्तर बाकाला धरून उठले. “शिक्षा नकोच होती, बाईसाहेब. चुकलं माझं, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.”

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुन्हा लावला. मास्तर खाली बसले.

त्या जायला निघाल्या तसं सगळं कोर्ट उभं राहिलं. मास्तर बसूनच होते. लेक त्यांना उठवायला वाकली आणि तशीच थांबली. शिपायाने पाहिलं, पण उठा म्हणाला नाही.