सहा आकड्यांची दावण

"दुप्पट कर, दुप्पट!" तुलारामने कोळशाचा तुकडा वासुदेवरावांच्या मुठीत कोंबला आणि त्यांची खाट दाराच्या फळीजवळ ओढली.

"फोनवर होते ना हिशेब," आनंदाबाई चुलीजवळून म्हणाल्या.

"फोनले काय समजते!" वासुदेवराव बायकोला म्हणाले. आनंदाबाई वळून पाहत राहिल्या. आज बऱ्याच दिवसांनी ते खेकसले होते.

सानगडीत तुलारामसारखा थापाड्या नव्हता, आणि त्याची थाप पकडण्यात वासुदेवरावांचा हात कोणी धरला नसता. पण भंडाऱ्याच्या दवाखान्यातून आल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडत. तलावातल्या मिशाळ माशाने आपल्याला बिडी मागितली, असं तुलारामने सांगून पाहिलं. ते नुसतं "असंन" म्हणाले. त्या "असंन"ने तुलारामची झोप उडाली.

म्हणून आज त्याने आकड्यांची थाप आणली होती. गावाचं धान मोजण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ती सोसवणार नव्हती. थाप मूळची लाखांदूर गाडीच्या एका कंडक्टरची, आणि तो स्वतःचं नावही दोनदा सारखं सांगत नसे.

"एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन. कितीनंबी गुण, तेच सहा आकडे खळ्यातल्या बैलायवानी गोल फिरतेत. नवा येत नाई, जुना जात नाई."

"कायले फेकून राहिला गा?" म्हणत वासुदेवरावांनी फळीवर कोळसा ओढला.

दुप्पट केली. २८५७१४. ते थबकले. तिप्पट, ४२८५७१. चौपट, ५७१४२८. दावण तीच, फक्त पुढचा बैल बदललेला.

"खरं हाय गा," ते हळूच म्हणाले.

पकडून घ्यायला आणलेली थाप खरी निघत होती. मेला कंडक्टर आयुष्यात एकदाच खरं बोलला, तेही आज! पाचाने गुणलं, सहाने गुणलं. बैल इमानदारीने फिरतच होते. वासुदेवरावांनी कोळसा खाली ठेवला आणि भिंतीकडे कूस वळवली.

"सात कर ना गा."

"काहून? तेच येईन."

"तुले माही आण हाय."

वासुदेवरावांनी पडल्यापडल्याच बोटाने भिंतीवर गुणाकार मांडला. साती साती एकोणपन्नास, नऊ ठेवले. पुन्हा नऊ. पुन्हा नऊ. बोट थांबलं. ते ताडकन उठून बसले आणि फळीवर सहाच्या सहा नऊ खरडले.

"तुल्या! लबाडा! कुठी गेले तुहे बैल?"

तुलाराम फळीवरचे नऊ पुन्हा पुन्हा मोजू लागला.

"सापडला! आनंदा, पाह्य, फेकताना सापडला!" भिंतीचा आधार घेत वासुदेवराव ओसरीवर पोचलेसुद्धा आणि शेजाऱ्याला हाका मारू लागले. "नत्थू! ये नत्थू! इकडे ये, या बुढ्याची गंमत सांगतो!"

तुलाराम खाटेच्या कडेवर टेकला. पकडलेल्या माणसासारखी मान खाली घालायला हवी होती. ती काही केल्या जाईना.

"बाहेर ये!" ओसरीवरून आवाज आला. "सर्वायपुढं कबूल कर!"

आनंदाबाईंनी त्याच्या चपला उचलून पुढे ठेवल्या.

"जा ना लवकर, भाऊजी," त्या कुजबुजल्या. "नाईतं ते आत येतीन पुन्हा."